निष्कलंक पोलादाचा डाग

आमच्या घरातल्या मोरीची जागा स्टेनलेस स्टीलच्या सिंकने घेतली तेव्हा आईला मोठे हायसे वाटले. चिंच आणि राख लावून पितळ उजळण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. "या धातूला डाग म्हणून पडायचा नाही," असे मी तिला ऐटीत सांगितले. वर्षभरातच सिंकच्या तळाशी तांबूस ठिपके उमटले आणि नळाखाली पांढरट थर धरला. दोष अर्थातच भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या माथी गेला. मी त्यांना नको इतके बोललो. त्यांनी मुकाट्याने पदराला हात पुसले आणि पुढच्या घरी गेल्या. त्यांचे ते गप्प राहणे मला लागले. या ठिपक्यांचे मूळ शोधता शोधता मी पुस्तकांतून थेट शेफील्डला जाऊन पोचलो.

शेफील्ड हे इंग्लंडातले सुऱ्या-कात्र्यांचे जुने गाव. पोलाद वितळवणाऱ्या एका कामगाराच्या घरी 1871 साली हॅरी ब्रिअर्लीचा तेथे जन्म झाला. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढे तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामाला लागला. रसायनशास्त्र तो असाच काम करता करता शिकला. दोन पोलाद कंपन्यांनी मिळून 1908 साली संशोधनशाळा काढली, तिचा हा बाटल्या धुणारा पोरगा प्रमुख झाला!

1912 साली त्याच्यापुढे प्रश्न आला तो बंदुकांच्या नळ्यांचा. त्या आतून लवकर झिजत. निरनिराळ्या प्रमाणात क्रोमियम घालून पाहताना 13 ऑगस्ट 1913 रोजी त्याने 12.8 टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. पोलादाची आतली घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर त्याचा पृष्ठभाग आधी अम्लाने खावा लागतो. हे पोलाद मात्र अम्लाला दाद देईना. मग त्याने सिरका आणि लिंबाचा रस लावून पाहिला. तरीही काही नाही. शेफील्डच्या माणसाला येथे बंदुकीऐवजी जेवणाच्या टेबलावरची सुरी आठवली, यात नवल नाही.

ब्रिअर्ली या पोलादाला 'न गंजणारे' म्हणत असे. 'स्टेनलेस', म्हणजे निष्कलंक, हे नाव सुचवले अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातल्या व्यवस्थापकाने. जर्मनीत क्रुप कंपनीच्या संशोधकांनीही 1912 साली निकेल-क्रोमियमच्या पोलादाचे पेटंट मागितले होते. तेव्हा श्रेय एकट्याचे नव्हे. ब्रिअर्लीनंतर त्या प्रयोगशाळेचा प्रमुख झालेल्या हॅटफील्डने 1924 साली 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल हे प्रमाण रूढ केले. घरोघरची चांगली सिंके बहुधा याच जातीची असतात.

नाव निष्कलंक, पण अंगी चमत्कार काही नाही. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पोलादावर डोळ्यांना न दिसणारी पातळ साय धरते. ती ओरखडली तरी हवा लागताच पुन्हा धरते. मीठ साचून राहिले, कपड्यांचे ब्लीच सांडून राहिले, तर मात्र ती जागोजाग फुटते. आणि लोखंडी तारेच्या घासणीचे कण सिंकमध्ये राहिले, की गंजतात ते कण. नाव होते सिंकचे. आमचे तांबूस ठिपके हेच होते. पांढरा थर तर बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्याचा.

उपाय साधेच निघाले. चुन्यावर लिंबाची फोड चोळून दहा मिनिटे ठेवायची. ज्या लिंबापुढे हे पोलाद 1913 साली टिकले, तेच त्याच्यावरचा थर उतरवते. चहाच्या डागांना खाण्याच्या सोड्याचा लगदा. हट्टी तांबूस ठिपक्यांना ऑक्झॅलिक अम्लाची पूड, तीही हातमोजे घालून आणि लिंबानंतर भरपूर पाण्याने धुऊन. घासायचे ते पोलादाच्या रेघांच्या दिशेने, मऊ घासणीने. शेवटी फडक्याने कोरडे पुसायचे, की पुन्हा थर धरत नाही.

ती तारेची घासणी बाजारातून मीच आणली होती. दुसऱ्या दिवशी मावशींना तसे सांगितले आणि चूक कबूल केली. त्या हसल्या. म्हणाल्या, "मी आजींना तवाच म्हनलं होतं, नारळाची शेंडीच बरी. पन तुमी आनलेली, म्हनून वापरली."