कायदा जाळायला निघालेला कटिंग मास्टर

मेहनतीवरच्या प्रवचनात दक्षिण कोरियाचा दाखला हमखास येतो. युद्धात बेचिराख झालेला देश, लोकांनी मान मोडून काम केलं आणि दोन पिढ्यांत सॅमसंग, ह्युंदाई उभ्या राहिल्या. आयटीतले मॅनेजर ही गोष्ट अ‍ॅप्रेझलच्या सुमारास विशेष प्रेमाने सांगतात. गोष्ट खोटी नाही, फक्त काम करणारी माणसं तिच्यातून गाळलेली असतात.

1960च्या दशकात सोल शहरात, चोंग्येचॉन ओढ्याच्या काठी, प्योंगह्वा मार्केट नावाचा तयार कपड्यांचा बाजार होता. जागा वाचवायला मालकांनी एकेका खोलीचे आडवे दोन माळे पाडलेले. तिथे मोठ्या माणसाला ताठ उभं राहता यायचं नाही. 13-14 वर्षांच्या मुली त्या कापडाच्या धुळीत दिवसाला 14-14 तास काम करायच्या. चॉन थे-इल हा तिथला कटिंग मास्टर. बसच्या पैशांतून तो या मुलींना खायला घेऊन द्यायचा आणि स्वतः चालत घरी जायचा.

मग त्याला कळलं, की देशात कामगार कायदा आहे. 1953पासून! आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, सगळं त्यात लिहिलेलं. पण पुस्तक चिनी अक्षरांनी भरलेलं आणि याचं शिक्षण जेमतेम. हे समजावून सांगणारा कॉलेजातला एखादा मित्र असता तर, असं त्याला वाटायचं. (ही गोष्ट पुढे विद्यार्थ्यांच्या फार जिव्हारी लागली. 1980च्या दशकात कितीतरी जण शिक्षण लपवून कारखान्यांत कामाला लागले.)

1969मध्ये त्याने सोबती जमवून मंडळ काढलं. नाव ठेवलं ‘मूर्खांची सभा’, कारण हक्क असून ते माहीतच नव्हते. नंतर त्याने जे केलं ते मला इंजिनिअर म्हणून फार ओळखीचं वाटतं: प्रश्नावली छापली, कामगारांकडून भरून घेतली, डेटा सरकारी कचेरीत नेऊन दिला. कचेरी ढिम्म. 13 नोव्हेंबर 1970 रोजी कायद्याचं पुस्तकच भर बाजारात जाळायचं ठरलं. पोलिसांनी निदर्शन मोडून काढायला सुरुवात केली आणि चॉनने स्वतःला पेटवून घेतलं. ‘कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही’ हे तो ओरडत होता. वय 22.

त्या मरणाचे पोवाडे मला नकोसे होतात. त्यानंतरचे दोन आठवडे मला जास्त मोठे वाटतात. त्याची आई, ई सो-सन, मागण्या मान्य झाल्याशिवाय अंत्यविधीला तयार होईना. 27 नोव्हेंबरला तिथल्या शिवणकामगारांची युनियन उभी राहिली. ही बाई पुढे कैक वेळा तुरुंगात गेली आणि 2011मध्ये वारेपर्यंत कामगारांसोबत राहिली.

हुकूमशाहीलाही धक्का अशाच बायकांनी दिला. ऑगस्ट 1979मध्ये केसांचे टोप बनवणाऱ्या वायएच कंपनीच्या कामगार बायका विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठिय्या देऊन बसल्या. पोलीस घुसले, त्यात किम क्योंग-सुक ही 21 वर्षांची मुलगी गेली. देशाचं राजकारण पेटलं. ऑक्टोबरात बुसान आणि मासान रस्त्यावर आले, आणि 26 तारखेला पार्क चुंग-हींना त्यांच्याच गुप्तहेरप्रमुखाने गोळी घातली. 1987च्या जूनमध्ये लोकांनी थेट निवडणूक मिळवली. त्या उन्हाळ्यात तीन हजारांहून जास्त संप झाले. पगार त्यानंतर वाढले, ‘चमत्कारा’ने आपोआप नव्हे.

सोलमधल्या गुरो या औद्योगिक भागात 1985मध्ये कपडे शिवणाऱ्या मुलींनी एकमेकींसाठी संप केला होता. आज तिथे सॉफ्टवेअरवाले बसतात. तिथल्या एका गेम कंपनीच्या इमारतीला लोक ‘दीपगृह’ म्हणायचे, कारण रात्रभर दिवे विझायचे नाहीत. पुस्तकात आठ तास असून!

2018मध्ये आठवड्याला कमाल 52 तासांचा कायदा झाला. 2023च्या मार्चमध्ये सरकारने एखाद्या आठवड्यात 69 तासांपर्यंत मुभा द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त भडकले ते तरुण. सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी तिथला जननदर 0.72वर आला होता. मूल सांभाळायला घरी तर असावं लागतं ना.

सप्टेंबर 2025मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि खासगी आस्थापनांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 10 तास करायला मंजुरी दिली. आमच्या टीमच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. खाली तीन हसरे इमोजी आले, आणि मग एकाने विचारलं, “म्हणजे आत्तापर्यंत 9 होते?”