पालखीतले लाटसाहेब

1858 चा पावसाळा आहे आणि तुम्ही जॉन एल्फिन्स्टन आहात: तेरावे लॉर्ड, मुंबईचे गव्हर्नर, पन्नाशीचे, अविवाहित. पावसाळा पुण्याजवळ दापोडीच्या बंगल्यात काढायचा, हा गव्हर्नरांचा रिवाज. आगगाडी खोपोलीपर्यंत आहे, पुढची मिळणार ती थेट खंडाळ्याला. मधला बोरघाट भोयांच्या खांद्यावरून.

पालखीचा पडदा भिजून मांडीला चिकटतो. धुकं इतकं दाट की पुढच्या भोयाची पाठसुद्धा अधूनमधूनच दिसते. दरीतून सुरुंगाचा आवाज येतो. दोन वर्षं झाली, हजारो मजूर हा डोंगर फोडताहेत. पटकी आली की माणसं पटापट मरतात. येत्या जानेवारीत थकलेल्या मजुरीपायी इथे दंगा होईल आणि ठेकेदार फेवील काम सोडून देईल. असलं सगळं तुमच्यापर्यंत कागदावरून पोचतं. पालखीतून काहीच दिसत नाही.

तुम्हाला आठवतं ते लंडन. आधी चौथ्या विल्यम राजाच्या आणि 1847 पासून व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी तुम्ही मानकरी होतात. तिचं मन तुमच्यावर जडलं म्हणून 1837 साली तुम्हाला मद्रासला धाडलं, अशी कुजबुज होती. खरंखोटं तुम्हालाच ठाऊक. त्याच लंडनात सातारच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षं गादीसाठी दाद मागत होते. 1853 साली ते रिकाम्या हातांनी निघाले आणि त्याच वर्षी तुम्ही गव्हर्नर होऊन इकडे आलात. गेल्या वर्षी साताऱ्यात गेंडामाळावर तुमच्या सरकारने सतरा जणांना देहदंड दिला. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. सत्तावन्न साली तुम्ही मुंबई इलाखा सांभाळलात याचं विलायतेत फार कौतुक आहे. गेंडामाळावर उभं राहिलं की ते कौतुक घशाखाली उतरत नाही.

खंडाळ्याला गाडीत बसता. लोणावळा मागे पडतं, डावीकडे कार्ल्याचा डोंगर, उजवीकडे लोहगड-विसापूर, सगळे ढगात. मग वडगाव. 1779 साली तुमच्या कंपनीने मराठ्यांपुढे नाक घासून तह केला तो इथेच. गाडीत हा विषय कोणी काढत नाही. 1 नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा निघेल, कंपनीचं राज्य संपेल आणि तुम्ही पुन्हा तिचेच चाकर व्हाल.

19 जुलै 1860 रोजी तुम्ही लंडनमध्ये वारलात. घाटातली गाडी सुरू झाली 1863 साली. तेव्हा ‘1871 साली लॉर्ड एल्फिन्स्टनने लोणावळा शोधून काढलं’ असं कुठल्या पर्यटन-पत्रकात वाचलंत तर विश्वास ठेवू नका. घाटाची वाटसुद्धा साहेबाला शिंगरोबा धनगराने दाखवली, असं इथली माणसं सांगतात.