बल्ब बदलला तरी टेल लाइट लागेना? देवगडच्या खाऱ्या हवेत बिघाड नेमका कुठे शोधायचा

हेडलाइट गेला तर ड्रायव्हरला लगेच कळतं. टेल लाइट गेला तर कळतं ते मागून येणाऱ्याला, आणि तेही बऱ्याचदा उशिरा. अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर मागचा दिवा बंद असल्याची सूचनाच येत नाही. देवगडहून कोल्हापूर किंवा निपाणीला जायला संध्याकाळी निघालेली गाडी नांदगावला महामार्ग ओलांडते आणि फोंडाघाट चढायला लागते. पावसाळ्यात पुढे दाजीपूरपर्यंत धुकं. त्या धुक्यात मागच्या ट्रकला आपल्या गाडीची एकच खूण दिसते, ती म्हणजे दोन लाल ठिपके.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार कारच्या मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसायला हवेत. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. म्हणजे १५५ मीटर अंतर असेल तर मागच्याला सुमारे नऊ सेकंद मिळतात. दिवा मंद झाला की हे सेकंद कमी होत जातात. म्हणून ‘लागतोय की, थोडा मंद आहे एवढंच’ हे उत्तर चालत नाही.

आधी बल्ब बघा, पण तिथेच थांबू नका

साध्या बल्बच्या टेल लाइटमध्ये बहुतेक वेळा एकाच बल्बात दोन तारा असतात. ५ वॅटची तार टेल लाइटसाठी, २१ वॅटची ब्रेक लाइटसाठी. त्यामुळे टेल लागतो पण ब्रेक लागत नाही, असं होऊ शकतं. बल्ब काढून उजेडात धरा. तार तुटलेली किंवा काच आतून काळी पडलेली दिसली, तर नवा बल्ब घाला आणि विषय संपला. या बल्बच्या बुडाच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवला तर टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते. (काचेला बोट लावू नये हा नियम हेडलाइटच्या हॅलोजन बल्बसाठी आहे. इथे एवढं जपायची गरज नाही.)

नवा बल्बही लागत नसेल, किंवा महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार येत असेल, तर दोष बल्बचा नाही.

खारी हवा काय करते?

देवगडचा किल्ला आणि बंदर समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. पवनचक्क्यांपाशी गाडी लावून तासभर समुद्र बघितला, तरी काचेवर चिकट थर येतो. तो मिठाचा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस नसतानाही हा थर ओलाच राहतो. टेल लाइटच्या होल्डरमध्ये, कनेक्टरच्या पिनांवर तो साचला की तांब्या-पितळेवर हिरवट पूड धरते आणि लोखंडी स्क्रूला गंज चढतो. वीज जाते, पण अडखळत जाते.

यात सर्वात जास्त फसवणारी जागा म्हणजे अर्थ. बॅटरीतून वायरने दिव्यापर्यंत आलेली वीज परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. डिकीच्या आत एखाद्या बोल्टखाली काळी वायर कसलेली असते, तो हा जोड. त्याखाली गंज आला की विजेला परतीची वाट उरत नाही आणि ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते. मग विचित्र प्रकार दिसतात. इंडिकेटर लावला की टेल लाइट फडफडतो. ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. किंवा टेल ठीक वाटतो आणि ब्रेक मात्र मंद. याचं कारण साधं आहे. ५ वॅटला अर्ध्या अँपिअरहून कमी वीज लागते, २१ वॅटला पावणेदोन अँपिअर. खराब जोडातून कमी वीज निभावते, जास्त निभावत नाही.

तपासायला मल्टिमीटर हवा. दिवे चालू ठेवून त्याची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन (वायर लांबवून) दिव्याच्या अर्थला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर अर्थ खराब आहे. बॅटरीची वायर सोडवून बोल्ट काढा, पत्रा आणि वायरचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कसून बसवा आणि वरून व्हॅसलीनचा थर द्या. खर्च जवळपास काही नाही. होल्डरच्या पिना मात्र घासण्यापेक्षा कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात. हिरव्या पुडीने खाल्लेला होल्डर बदललेलाच बरा.

काहीच लागत नसेल तर

दोन्ही बाजूंचे टेल लाइट एकदम गेले तर आधी फ्यूज बघा. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. मोठा फ्यूज किंवा चंदेरी कागद घालणं म्हणजे वायर जळायची सोय करणं. फ्यूज पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मारलेले जोड आधी तपासा, मग उंदरांनी कुरतडलेली जागा. आंब्याच्या बागेत, गवतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास ठरलेला.

तिन्ही ब्रेक लाइट बंद असतील आणि फ्यूज शाबूत असेल, तर संशय पेडलच्या वरच्या छोट्या स्विचवर. मागच्या काचेजवळचा तिसरा दिवा लागतो आणि खालचे दोन नाही, तर बहुतेक वेळा स्विच ठीक असतो. उलटंही होतं. पेडलचा छोटा प्लास्टिक बुश तुटला की ब्रेक लाइट लागलेलाच राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

दिव्याच्या काचेच्या आत पातळ धुकं धरलं आणि काही तासांत गेलं, तर काळजी नको. पाण्याचे थेंब साचत असतील तर रबरी सील गेलं आहे. खाली भोक पाडून पाणी काढायचा उपाय लोक हौसेने करतात, पण त्याच भोकातून खारी हवा आत येते. एलईडी दिव्यात पाणी गेलं तर आतली पट्टीच खराब होते. मग बहुतेक गाड्यांत पूर्ण दिवा बदलावा लागतो.

मदतीला कुणी नसेल तर रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. पांढरी भिंत उत्तम, चिऱ्याचा गडगाही चालतो. नाहीतर मागे मोबाइल टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स असं क्रमाने लावा.

हंगामात आंबा वाहणाऱ्या पिकअपचं थोडं वेगळं आहे. तिथे दिव्याच्या वायरी हौद्याखाली उघड्याच असतात, त्यामुळे मीठ आणि चिखल थेट कनेक्टरवर बसतो. ताडपत्रीची कड दिव्यावर लोंबते ते वेगळंच. पेट्या भरून दोर आवळला की एकदा मागे जाऊन बघायला अर्धा मिनिट लागतो.