नंबर तोच, ट्रान्झिस्टर वेगळा

वस्तूंचा इतिहास अभ्यासताना सर्किटचा नकाशा मिळाला की आपल्याला वाटतं, पुरावा हातात आला. मलाही तसंच वाटायचं. २एन३०५५ ने तो भ्रम घालवला.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने हा पॉवर ट्रान्झिस्टर आणला: ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. असंख्य अँप्लिफायरच्या आउटपुटला तो बसला. त्याची होमटॅक्सियल बनावट दणकट, पण संथ होती. १९७० च्या दशकात एपिटॅक्सियल बनावट आली. नंबर तोच, धातूची टीओ-३ डबीही तीच, आतली चिप मात्र नवी. जुन्याची ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी साधारण ०.८ मेगाहर्ट्झ, नव्याची किमान २.५.

आता जळालेला काढून नवा बसवला, तर काय होतं? सर्किट संथ ट्रान्झिस्टर धरून आखलेलं असतं. वेगवान ट्रान्झिस्टरमुळे ते कधी कधी कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट करू लागतं. गाणं ठीक वाजतं, पण हीटसिंक तापत जातो. म्हणून जाणकार कारागीर नंबर जुळला तरी ऑसिलोस्कोप लावून बघतो.

आपणही तेच करायचं. डबीवरचा तारखेचा कोड वाचा. ७८२३ म्हणजे बहुधा १९७८ चा २३ वा आठवडा. अँप्लिफायर १९७० चा असेल, तर हा भाग नंतर बसलाय. मग त्यावर मोजलेला आवाज '१९७० चा आवाज' म्हणून प्रबंधात लिहू नका. पण तो भाग टाकाऊही समजू नका. वस्तू कोणी, कधी, काय वापरून जगवली, याचा तोच पुरावा आहे.