‘बसतो’ म्हणजे ‘चालतो’ का? : बागेतला जुना ट्रॅक्टर आणि अदलाबदलीचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाच्या माणसाचा नाही. अमेरिकेत बंगल्याच्या आवारासाठी, भाजीच्या वाफ्यांसाठी जे छोटे ट्रॅक्टर निघाले, त्यांच्या गिअरबॉक्सबद्दल मी बोलणार आहे. आज ही यंत्रं साठीच्या घरात आहेत. हौशी लोक ती जपतात. गिअरबॉक्स मोडला की दुसऱ्या मॉडेलचा शोधून आणतात, आणि मग प्रश्न येतो : हा त्याच्या जागी चालेल का? ‘चालेल’ या शब्दात तीन वेगळे अर्थ लपलेले आहेत. आज ते सुटे करायचे आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. एका वस्तूचा भाग दुसरीत बसावा, ही अपेक्षा आपल्याला आज स्वाभाविक वाटते. पण पूर्वी बंदुकीचा प्रत्येक खटका कारागीर कानशीने घासून त्याच बंदुकीपुरता बसवत असे. १७८५ साली फ्रान्समध्ये होनोरे ब्लाँ या बंदूककाराने पन्नास खटक्यांचे सुटे भाग थॉमस जेफरसनपुढे ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून खटके जुळवले आणि ही हकीकत पत्राने मायदेशी कळवली. पुढे १८४१ साली इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, कोन ५५ अंश. १८६४ साली अमेरिकेत सेलर्सने दुसरं सुचवलं, कोन ६० अंश. म्हणजे बघा, प्रमाण ठरलं, पण दोन ठरली! अदलाबदल ही वस्तूच्या अंगची गोष्ट नव्हे. ती माणसांनी आपसात केलेल्या कराराची गोष्ट आहे.

आता ट्रॅक्टरकडे येऊ. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने १९४७ पासून ‘फार्मऑल कब’ हा छोटा शेती-ट्रॅक्टर केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथे बनवला. (हीच कंपनी १९६३ साली महिंद्रांबरोबर मुंबईत ट्रॅक्टरसाठी भागीदार झाली.) १९६० च्या सुमारास त्याच लुईव्हिलमध्ये त्याचं धाकटं भावंड सुरू झालं, ‘कब कॅडेट’. कोहलर कंपनीचं ७ अश्वशक्तीचं इंजिन, आणि तीन पुढचे, एक मागचा असा गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स नव्याने आखण्याऐवजी थोरल्या ‘कब’च्या आराखड्यातून घेतला. बागेच्या यंत्राला शेतीच्या यंत्राचा कणा मिळाला. यातली काही यंत्रं आजही चालतात, त्याचं एक कारण हे.

पहिल्या मॉडेलमध्ये इंजिनाची ताकद पट्ट्याने गिअरबॉक्सकडे जाई. १९६३ च्या ‘७०’ आणि ‘१००’ या मॉडेलांत पट्टा गेला, सरळ दांडा आला. दिसायला किरकोळ बदल, पण हिशेब बदलतो. पट्टा असताना दोन पुलींच्या व्यासांचं गुणोत्तर एकूण गुणोत्तरात धरावं लागतं. दांडा सरळ जोडला की त्या जागी नुसता १ येतो. मग तीच घट आत दात्यांनी करायला हवी. म्हणून कवच ओळखीचं दिसलं तरी पोटातले गिअर तेच असतील असं धरून चालता येत नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

आता ते तीन अर्थ. पहिला : ‘बसतो’. बोल्टांची भोकं जुळतात, दांड्याच्या खाचा जुळतात. दुसरा : ‘जुळतो’. दात्याला दाता नीट लागतो. त्यासाठी दात्यांचं माप एक हवं आणि दाबाचा कोनही एक हवा. जुन्या गिअरांत तो बहुधा साडेचौदा अंश असे, पुढे २० अंश रूढ झाला. हे दोन एकत्र घातले तर फिरतील, पण खरखर करत एकमेकांना खातील. तिसरा : ‘तेच काम करतो’. इथे गुणोत्तर येतं.

एक कल्पित हिशेब करू. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे, एकूण घट ६० ला १. चाक मिनिटाला ६० फेरे फिरेल. टायर २३ इंची असेल तर एका फेऱ्यात सुमारे १.८३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ६.६ किलोमीटर. आता घट ९० ला १ करा. वेग ताशी ४.४ किलोमीटरवर येतो आणि चाकावरचा पीळ, घर्षण सोडलं तर, दीडपट होतो. नांगराला हे सोयीचं, गवत कापायला कंटाळवाणं. उलट दिशेने बदल केला तर उतारावर भरधाव यंत्र आणि जुनेच ब्रेक. तिथे प्रश्न हौसेचा राहत नाही, हातापायांचा होतो.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर ‘१२३’ मॉडेलमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक पद्धत आली. तिथे ठरावीक पायऱ्याच नाहीत, वेग सलग कमीजास्त होतो. म्हणजे बदलीचा प्रश्नच नव्या रूपात आला.

‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की रथ म्हणजे नेमकं काय : चाक, आस, की दांडी? उत्तर असं निघतं, की एकही सुटा भाग रथ नव्हे. भागांच्या आधाराने आपण ‘रथ’ हे नाव वापरतो. मला यात यंत्रापुरतं एवढं जोडावंसं वाटतं : भागांमधलं प्रमाण टिकलं तर यंत्राचं काम टिकतं. प्रत्येक भाग बदलूनही कब कॅडेट कब कॅडेट राहू शकतो. एकच चुकीचा गिअर घातला तर नाव तेच राहून स्वभाव बदलतो.

तेव्हा विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. गिअर टाका, एक चाक घट्ट धरा आणि येणारा दांडा हाताने फिरवा. दुसरं चाक एक पूर्ण फेरा होईपर्यंत दांड्याचे फेरे मोजा, आणि आलेला आकडा दुप्पट करा. दुप्पट का? एक चाक अडवलं की डिफरन्शियलमुळे दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून. प्रत्येक गिअरमध्ये असं मोजा आणि जुन्याशी ताडून पाहा. विकणारा म्हणेल, ‘बसतोय की!’ आपण म्हणायचं, बसतो ते दिसलं, आता मोजू या.