विकतच्या चिंध्या

मागच्या दसऱ्याला सून बेंगळुरूहून आली, ती माझ्यासाठी कापडाची एक गुंडाळी घेऊन. गोल, घट्ट, वरून रिबीन बांधलेली. सोडून बघते तर कोऱ्या सुती कापडाच्या ४० पट्ट्या. प्रत्येक अडीच इंच रुंद, ४४ इंच लांब, कडा करवती कात्रीनं कापलेल्या, रंगाला रंग लावून ठेवलेले. "आई, कापायचं काहीच नाही. नुसतं जोडत जायचं. बाळाला गोधडी होईल," ती म्हणाली. बाळ फाल्गुनात येणार होतं.

मी किंमत विचारली आणि गप्प बसले. कोरं कापड घ्यायचं, त्याच्या चिंध्या करायच्या आणि त्या चिंध्या कापडापेक्षा महाग विकायच्या! आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "येड लागलंय काय गं लोकास्नी?"

सासूबाईंच्या कॉटखाली कायम एक बोचकं असायचं. विटलेली इरकली लुगडी, मामंजींची धोतरं, मुलांची आखूड झालेली झबली, शिंप्याकडची कातरण. मी काही टाकायला निघाले की त्या हातातून काढून घ्यायच्या. "टाकू नको गं, वाकळंला हुतंय." उन्हाळ्यात, अष्टमी-चतुर्दशीची गडबड नसेल तेव्हा, दुपारी सोप्यात पसरून त्या वाकळ शिवायला बसत. कापूस भरत नसत. कापसात जीव होतात आणि मग ते मारायची पाळी येते, असं त्यांचं म्हणणं. थरावर थर, आणि वरून धावदोरा. अपरिग्रहावर त्यांनी कधी प्रवचन दिलं नाही, पण ते बोचकं म्हणजेच त्यांचा अपरिग्रह होता, हे मला फार उशिरा कळलं.

कारण त्या गेल्यावर खोली आवरताना ते बोचकं मी बोहारणीला दिलं. बदल्यात स्टीलचा एक डबा आला. तो आजही ओट्यावर आहे. त्यात साखर असते.

म्हणून ती गुंडाळी बघून मला राग आला तो सुनेचा नव्हता. इतिहास हा माझा कॉलेजातला विषय. चिंध्या विकत घ्यायची पाळी बायकांवर कधी आणि कशी आली, ते शोधायला बसले.

पहिलीच गोष्ट कळली ती आपल्याकडचीच. आपण ज्याला चीट म्हणतो, तेच कापड साहेबाच्या भाषेत चिंट्झ झालं. मच्छलीपट्टणच्या बाजूच्या किनाऱ्यावरचं हे रंगीत, धुतलं तरी रंग न सोडणारं कापड सतराव्या शतकात इंग्लंडात गेलं आणि तिथल्या बायका त्यावर लुब्ध झाल्या. तिथल्या लोकर-रेशमाच्या विणकरांच्या पोटावर पाय आला. मग १७०० साली कायद्यानं छापील हिंदी कापडाची आयात रोखली आणि १७२१ च्या कायद्यानं ते नेसण्या-वापरण्यावरच बंदी आणली. फ्रान्सात तर अशी बंदी १६८६ पासून १७५९ पर्यंत होती. अशा दिवसांत चिटाचा वीतभर तुकडाही कोण टाकेल? इंग्लंडच्या उत्तरेत लेव्हन्स हॉल नावाच्या वाड्यात १७०८ च्या सुमाराची एक गोधडी जपून ठेवली आहे. ठिगळकामाच्या तिथल्या सर्वांत जुन्या गोधड्यांत ती मोजतात. तिचे तुकडे हिंदुस्थानी चिटाचे आहेत. म्हणजे ठिगळ हे नेहमी गरिबीचंच असतं असं नाही. कापड दुर्मिळ असलं की श्रीमंताघरची बाईसुद्धा तुकडा जपते.

पुढे गिरण्या आल्या, कापड स्वस्त झालं. १८५१ साली सिंगरनं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि यंत्रं हळूहळू घरोघर पोचली. घरी कपडे शिवायचे म्हणजे घरी कातरण आलीच. अमेरिकेत त्या काळात अशी एक गोधडी निघाली की तिच्यात कापडाचा एकही तुकडा दुसऱ्यासारखा नसायचा. एवढी कापडं एका घरात कुठली? मग मैत्रिणी, जावा, शेजारणी एकमेकींकडे तुकडे मागत. तिला 'चार्म' गोधडी म्हणत. आज पाच इंची चौकोनांचा जो गठ्ठा विकायला असतो, त्याचं नाव तिथूनच आलं आहे. फरक एवढाच की आता शेजारणीकडं जावं लागत नाही.

तुकडे विकायला सुरुवात झाली ती १८८० च्या दशकात. रेशमी, मखमली, वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधडीची अमेरिकेत लाट आली. मध्यमवर्गातल्या बाईकडं रेशमाची कातरण कुठून असणार? मग मासिकांत जाहिराती येऊ लागल्या: पैसे पाठवा, रेशमी तुकड्यांचं पुडकं टपालानं येईल. पुढे १९२०-३० च्या सुमाराला साच्यानं कापलेले तुकडे, नमुन्यासकट, खोक्यात घालून मिळू लागले. पण त्याच काळात मंदी आली. तेव्हा खेड्यातल्या बायकांनी पिठाची आणि कोंबड्यांच्या दाण्याची सुती पोती उसवून झगे शिवले, गोधड्या शिवल्या. ते बघून कंपन्या पोत्यांवर फुलं छापू लागल्या. दाणा घ्यायला गेलेल्या नवऱ्याला बायको बजावून सांगायची, या फुलाचंच पोतं आण!

१९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं चाकासारखं फिरणारं कातर काढलं. एका रेघेत चार-सहा थर कापले जाऊ लागले. आणि २००६ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोडा या कापड कंपनीनं अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी बाजारात आणली. गोड वळकटीसारखी दिसते म्हणून तिचं नाव जेली रोल. माझ्या मांडीवर होती ती तिचीच बहीण.

हे सगळं ओळीनं लावल्यावर माझ्या ध्यानात आलं ते असं. घरातली कातरण संपली की बाजारात गठ्ठा येतो. रेशीम घरात नव्हतं तेव्हा रेशमाचं पुडकं आलं. कपडे घरी शिवणं बंद झालं तेव्हा सुती गुंडाळी आली. माझ्या सुनेच्या घरी शिंपी येत नाही, लुगडी नाहीत, धोतरं नाहीत. आहेत ते नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे, बाळाच्या अंगाला टोचणारे. तिनं तुकडे आणायचे तरी कुठून? आळस तिचा नव्हता. तिच्या वाटणीचं बोचकं तर मीच देऊन टाकलं होतं.

आपल्या शेजारी हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं. त्या गोधडी कडेनं सुरू करतात आणि फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणे. तिथं अजून जुनं कापडच चालतं, आणि आता त्या कवंद्या शहरातली माणसं पैसे मोजून नेतात. आपण टाकलेलं कुणीतरी जपतं, आणि मग ते आपल्यालाच विकत घ्यावं लागतं.

थंडीत मी माहेरचं पायाचं मशीन पुसून काढलं. २० पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या. पाव पाव इंच शिवणीत जातं, म्हणजे अडीच इंचाची पट्टी दोन इंच उरते. ४० इंच बाय ४४, बाळाला पुरेशी. सून खरंच बोलली होती, दोन दुपारींत वरची बाजू झाली. इतकी सरळ रेघ सासूबाईंना कधी जमली नसती.

आत काय घालायचं? तेव्हा आठवण झाली. सासूबाईंच्या हातची शेवटची वाकळ घरात होती. इस्त्रीच्या टेबलावर, चादरीखाली, दोन ठिकाणी करपलेली. ती धुतली, उन्हात घातली, बसून धावदोरा उसवला. वरच्या लुगड्याखाली धोतर निघालं, आणि धोतराच्या भोकाखाली लावलेलं पिवळं ठिगळ. ते माझ्या मुलाचं झबलं होतं. त्याच्या बारशाला मीच शिवलेलं. गळ्याची नाडी तशीच होती.

करपलेला भाग सोडून तेवढे दोन थर मी झबल्यासकट आत घातले आणि हातानंच धावदोरा घातला. टाके वाकडे आले. बाहेरून बघणाऱ्याला गोधडी विकतचीच वाटते.

क्षमावाणीच्या दिवशी आपण गल्लीभर हात जोडून फिरतो. त्या बोचक्याबद्दल मी सासूबाईंकडं कधी क्षमा मागितली नव्हती. ती त्या टाक्यांत मागून घेतली.

गुंडाळीतल्या २० पट्ट्या उरल्यात. मुलाचे दोन जुने सुती शर्टही मागून घेतलेत. सगळं उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून कॉटखाली सारलंय. सून हसली. म्हटलं, "राहू दे गं. कशाला तरी होतंय."