खाष्ट बाईचा दुसरा डाव

इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलवर एक हार्ड डिस्क या खोलीतून त्या खोलीत फिरायची. तिच्यात ‘टॉप शेफ’ या अमेरिकन कार्यक्रमाचा पहिला सीझन होता. मेसमधली पातळ डाळ गिळून आलेले आम्ही पाच-सहा जण लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसायचो आणि आयुष्यात कधी न चाखलेल्या पदार्थांवर तावातावाने मतं द्यायचो. कोण जिंकावं यावरून आमच्यात भांडणं व्हायची. कोण हरावं यावर मात्र पूर्ण एकमत होतं. टिफनी फेसॉन.

ती फटकळ होती. मी इथे मैत्री करायला नाही, जिंकायला आलेय, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. डेव्ह मार्टिन नावाचा हळवा स्पर्धक रडायचा तेव्हा आम्हाला त्याची दया यायची आणि टिफनीचा राग. अंतिम फेरीत शांत स्वभावाच्या हॅरल्ड डीटर्लेने तिला हरवलं, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. तिला आम्ही जी नावं ठेवली होती ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मग २०२२ साली, घरून काम करण्याच्या दिवसांत, तीच बाई पुन्हा स्क्रीनवर दिसली. गाय फिएरीच्या ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’च्या तिसऱ्या सीझनमध्ये ती खेळत होती. चाल तीच, बोलणं तसंच रोखठोक. आणि मी चक्क ती जिंकावी म्हणून बघत होतो. ती जिंकली. मला आनंद झाला आणि लगेच प्रश्न पडला: मधल्या काळात बदललं कोण? ती, मी, की आणखी काही?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं. खऱ्या माणसांना एका घरात कोंडून त्यांची भांडणं दाखवायची, हा प्रयोग एमटीव्हीने १९९२ साली ‘द रिअल वर्ल्ड’मध्ये केला. २००० साली अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ आलं. त्याचा पहिला विजेता रिचर्ड हॅच हा अनेक प्रेक्षकांच्या डोक्यात जाणारा माणूस होता, पण दहा लाख डॉलर तोच घेऊन गेला. ज्याचा राग येतो त्याला बघायलाही लोक दर आठवड्याला येतात, हा धडा या धंद्याने तेव्हापासून गाठीशी बांधला. २००४ साली ‘मॅजिकल एल्व्ह्ज’ या निर्मिती संस्थेने ‘प्रोजेक्ट रनवे’ आणलं. कपडे शिवणाऱ्यांची स्पर्धा इतकी चालते तर स्वयंपाक करणाऱ्यांची का नाही, अशा हिशेबाने मार्च २००६ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर ‘टॉप शेफ’ सुरू झालं. बारा स्पर्धक, एक लाख डॉलरचं बक्षीस.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची एक मूळ अडचण आहे. प्रेक्षकाला चव कळत नाही. गाण्याच्या स्पर्धेत बेसूर कोण झालं हे घरबसल्या ऐकू येतं. पदार्थ खारट झाला की नाही, हे मात्र परीक्षकाच्या तोंडूनच कळतं. म्हणजे ज्या गोष्टीवर स्पर्धा ठरते तीच आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोकळी भरायला माणसं लागतात: कोण कुणाशी उद्धट वागलं, कोणी कुणाची भांडी उचलली, कोण स्वतःला शहाणं समजतं. मीठ आपल्याला चाखता येत नाही, म्हणून आपण स्वभाव चाखतो.

आणि तो स्वभावही आपल्यापर्यंत दाबून, पिळून येतो. तेव्हा ‘टॉप शेफ’च्या एका भागाला जाहिराती वगळून पाऊण तासही मिळत नसे. त्यामागे अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेलं कित्येक तासांचं फूटेज असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की तो दाबला जातो. मोठे आकार राहतात, बारकावे उडतात, आणि आलेल्या फोटोतून मूळ फोटो पुन्हा तयार करता येत नाही. माणसाचंही तसंच होतं. बारा जणांना पाऊण तासात बसवायचं तर प्रत्येकाला एकच विशेषण परवडतं. डेव्ह हळवा, हॅरल्ड शांत, टिफनी खाष्ट. टिफनीने कुणाला मदत केली असेल, कुणाशी हसून बोलली असेल, तर ते त्या विशेषणात बसत नाही. मग ते कापलं जातं.

शिवाय या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ नावाचा प्रकार आहे. मुलाखतीतल्या वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून एक नवं वाक्य तयार करायचं. बोलणाऱ्याचा चेहरा न दाखवता वर दुसरंच दृश्य ठेवलं की जोड दिसत नाही. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. पण ऐकलेलं वाक्य त्या माणसाने त्याच क्रमाने उच्चारलं होतं, याची खात्री प्रेक्षकाला देता येत नाही, एवढं नक्की.

कात्रीची ताकद किती, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण ब्रिटनमधलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’च्या एका भागात इयन वॉटर्स नावाच्या स्पर्धकाचं आईस्क्रीम वितळलं. डायना बिअर्ड या वयस्कर स्पर्धक बाईंनी ते फ्रीजरमधून बाहेर काढलेलं दिसलं. इयनने रागाच्या भरात अख्खा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सगळा देश डायनांवर तुटून पडला. प्रसारण नियामक ऑफकॉमकडे आठशेहून जास्त तक्रारी गेल्या. नंतर कार्यक्रमाकडूनच खुलासा आला की ते आईस्क्रीम फ्रीजरबाहेर होतं साधारण ४० सेकंद. चाळीस सेकंदांत आईस्क्रीमचं पाणी होत नाही. पण पडद्यावर दोन दृश्यं एकापाठोपाठ लागली की मन आपोआप मध्ये ‘म्हणून’ घालतं. डायनांनी आईस्क्रीम काढलं, म्हणून ते वितळलं. हा ‘म्हणून’ कुठल्याही कॅमेऱ्याने टिपलेला नव्हता.

इथे एक फरक मात्र करायला हवा. सगळाच राग एडिटिंगमधून येत नाही. ‘टॉप शेफ’च्या दुसऱ्या सीझनमध्ये मार्सेल व्हिग्नरॉन हा फेसाळ सॉस करणारा, स्वतःवर खूश असलेला पोरगा सगळ्यांचा नावडता होता. एका रात्री सहस्पर्धक क्लिफ क्रुक्सने त्याला सोफ्यावरून उठवून जमिनीवर दाबून धरलं. बेत त्याचं डोकं भादरण्याचा होता. बाकीचे काही जण त्या मस्करीत सामील होते. क्लिफला बाहेर काढण्यात आलं. मुख्य परीक्षक टॉम कोलिकिओ यांचं म्हणणं होतं की सामील असलेल्या सगळ्यांनाच घरी पाठवावं, मग मार्सेल आपोआप जिंकला तरी चालेल. ते झालं नाही. पण त्या एका भागाने अनेक प्रेक्षकांची सहानुभूती मार्सेलकडे वळली. त्याने काहीच वेगळं केलं नव्हतं. फक्त त्याचा राग करणाऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसला होता, आणि त्यात कुठेतरी आपलाही होता.

क्लिफची चूक मात्र खरी होती, हाताने केलेली होती. तोही पुढे वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला आणि २०२२ साली ‘वर्स्ट कुक्स इन अमेरिका’मध्ये नवशिक्यांना शिकवताना लोकांना आवडू लागला. म्हणजे मन जिंकण्याचे दोन रस्ते झाले. एकाला केलेली चूक मागे टाकावी लागते. दुसऱ्याला न केलेली चूक अंगावरून झटकावी लागते. दुसरा रस्ता जास्त अवघड, कारण माफी मागायची तरी कशाची?

त्या रस्त्याने गेलेल्यांपैकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रूबी टँडो. २०१३ च्या ‘बेक ऑफ’मध्ये ती आली तेव्हा तत्त्वज्ञान शिकणारी, विशीतली विद्यार्थिनी होती. प्रत्येक केक परीक्षकांपुढे ठेवताना तिचा चेहरा पडलेला असायचा. हे बिघडलंय, असं ती आधीच सांगून टाकायची. मग कौतुक व्हायचं. प्रेक्षकांना हे ढोंग वाटलं. ती रडकी आहे, परीक्षक पॉल हॉलिवूडवर डोळा ठेवून आहे, दिसायला बरी म्हणून टिकलीये, असं सगळं ट्विटरवर आणि वर्तमानपत्रांतही आलं. अंतिम फेरीत तिघी होत्या, तिन्ही बायका: रूबी, किंबर्ली विल्सन आणि विजेती ठरलेली फ्रान्सिस क्विन. रेमाँ ब्लाँसारख्या नामांकित शेफने त्यानंतर बायकांच्या अश्रूंवर आणि विजेतीच्या बारीक अंगकाठीवर शेरे मारले.

गंमत बघा. रूबीला आत्मविश्वास नव्हता म्हणून ती ढोंगी. किंबर्लीला होता म्हणून ती गर्विष्ठ. टिफनीला जिंकायचं होतं म्हणून ती खाष्ट. त्याच सुमारास गॉर्डन रॅम्सी लोकांच्या अंगावर ओरडत होता आणि त्याला आपण ‘कडक’ म्हणत होतो. आमच्या हॉस्टेलच्या खोलीतही तेच चाललं होतं. आम्ही सगळी मुलं होतो, आणि टिफनीला दिलेल्या एकेका नावाचं पुरुषी रूप शोधायला गेलं तर सापडत नाही.

अंतिम भाग दाखवला गेला त्याच दिवसांत रूबीने ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून या विषारीपणाला नाव दिलं. केकवर बोलायचं सोडून बायकांच्या शरीरावर आणि हेतूंवर का बोलता, असा तिचा सरळ प्रश्न होता. तिने पुढे काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. लोकांना आवडावं म्हणून ती गोड झाली नाही. ती लिहीत राहिली. २०१४ साली बेकिंगचं ‘क्रम’ आलं, २०१६ साली ‘फ्लेवर’. त्याच वर्षी तिने ‘क्लीन ईटिंग’च्या फॅडवर कडाडून टीका करणारा लेख लिहिला. अन्नाची भीती विकणाऱ्यांवर तिचा राग होता, आणि खाण्याशी असलेलं स्वतःचं बिनसलेलं नातंही तिने लपवलं नाही. २०१८ च्या ‘ईट अप!’मध्ये तिने भुकेची लाज बाळगू नका असं सांगितलं. २०२१ च्या ‘कुक अ‍ॅज यू आर’मध्ये थकलेल्या, आजारी, एकट्या राहणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकघराचा विचार केला. टीव्हीवर तिला ‘रडकी’ म्हणणाऱ्या देशात आज तिचं नाव खाद्यलेखनातल्या महत्त्वाच्या नावांमध्ये घेतात. किंबर्ली मानसशास्त्रज्ञ आहे. मेंदू आणि आहार यांवरची तिची पुस्तकंही गाजली.

रूबीच्या बाबतीत काय बदललं? कात्री तिच्या हातात आली. एडिटर तिचं बोलणं कापून विशेषण बनवत होता. लेखात तिची वाक्यं तिच्याच क्रमाने लागली.

टिफनीला लेख लिहायचा नव्हता, तिला स्वयंपाक करायचा होता. तिने बॉस्टनमध्ये २०११ साली ‘स्वीट चीक्स’ हे बार्बेक्यूचं रेस्टॉरंट सुरू केलं. मग आणखी काही. जेम्स बिअर्ड पुरस्कारांच्या याद्यांमध्ये तिचं नाव येऊ लागलं. मधल्या काळात ती ‘टॉप शेफ’च्या ऑल-स्टार्स सीझनमध्ये परत आली. लोकांना ती थोडी मवाळ वाटली, पण ती लवकर बाहेर पडली. तिच्या खऱ्या पुनरागमनासाठी एक वेगळाच नियम लागला.

‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’मध्ये परीक्षकांना पदार्थ कुणी केलाय हे माहीत नसतं. स्वयंपाक चालू असताना ते तिथे नसतात. नंतर त्यांच्यासमोर फक्त ताट येतं, आणि चव, मांडणी अशा गोष्टींना आकड्यांत गुण दिले जातात. कोण उद्धट, कोण हळवा, कोण कधी कुणाशी भांडलं, यातलं काहीच ताटात येत नाही. सोळा वर्षांपूर्वी जिला आम्ही स्वभावावरून निकालात काढलं होतं, ती अशा स्पर्धेत जिंकली. प्रेक्षकाला अजूनही चव कळत नव्हती. पण पहिल्यांदाच निकाल देणाऱ्यांनाही चेहरा दिसत नव्हता.

यात वाहिन्यांना साधू ठरवायचं कारण नाही. त्या एकाच माणसावर दोनदा कमावतात. आधी त्याचा राग विकतात, मग त्याचं पुनरागमन. रागाची किंमत मात्र तो माणूस एकटा चुकवतो. ऑस्ट्रेलियात ‘हाउस रूल्स’ या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमातल्या एका स्पर्धक बाईंनी, आपल्याला खलनायिका दाखवल्याने झालेल्या मानसिक त्रासाबद्दल दाद मागितली. २०१९ साली त्या वाहिनीच्या कर्मचारी होत्या, असा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. तिथे निदान एवढं तरी मान्य झालं की शिव्या खाणं हेही त्या नोकरीतलं कामच होतं.

माझ्यापुरता हिशेब सोपा आहे. २०२२ च्या त्या रात्री मी हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवर लिहिलं, ‘टिफनी जिंकली.’ एकाने विचारलं, ‘कोण टिफनी?’ दुसऱ्याने लगेच आमचं तेव्हाचं ठेवणीतलं नाव टाइप केलं आणि पुढे हसणारी इमोजी. जिची आम्ही आठवडाभर नालस्ती केली ती एकाला आठवतही नव्हती, आणि दुसऱ्याला फक्त शिवी आठवत होती. तिच्या हातचा एकही पदार्थ आमच्यापैकी कुणाला सांगता आला नसता.

मी उत्तरात हसणारी इमोजी टाकली नाही. फार मोठं काही केलं असं नाही. पण सोळा वर्षं ओट्यापाशी उभं राहून तिने जे कमावलं, त्याच्यासमोर आमच्याकडून निदान एवढं तरी निघायला हवं होतं.